सभा खेळीमेळीत पार पडली

परवा महिला दिनाच्या एका कार्यक्रमाला मला 'ज्येष्ठ पत्रकार' म्हणून बोलावलं होतं. मोबाईलवर चालणाऱ्या कुठल्याशा बातम्यांच्या चॅनलची एक मुलगी माईक घेऊन आली. प्रश्न चांगले विचारत होती, घरून तयारी करून आली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतच होते, तेवढ्यात स्टेजवरून सूत्रसंचालकाचा आवाज आला, "ओ चॅनलच्या ताई, जरा औक्षणाला या ना, लेडीज कमी पडतायत." ती बिचारी 'एक मिनिट हं मॅडम' म्हणाली, माईक माझ्या हातात दिला आणि गेली ताट घ्यायला. माझं डोकं असं फिरलं की समोर आलेला चहासुद्धा मी घेतला नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, छपाई बदलली, पेपर खिशातल्या फोनवर आला, पण बातमी आणायला आलेल्या बाईच्या हातात ताट द्यायची यांची खोड काही जात नाही. घरी आल्यावर ठरवलं की नगरमधल्या त्या पहिल्या सहा महिन्यांचं एकदाचं लिहून टाकायचं. गोड गोड आठवणी हव्या असतील त्यांनी हे प्रकरण सोडून पुढे जावं.

मी तेव्हा नगरला मावशीकडे राहत होते. दोन खोल्या, मधे एक पडदा आणि पडद्याच्या अलीकडे मावशीचं शिलाई मशीन. ते मशीन पहाटे सुरू व्हायचं आणि मावशी फक्त दोन कारणांसाठी पाय थांबवायची, दूधवाला आणि रेडिओवरच्या बातम्या. बातम्या बाईच्या आवाजात असल्या की मावशी मला हलवून उठवायची. "ऐक, ऐक. सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगती बघ. मग पंतप्रधानाचं." मावशीला याचं भारी कौतुक होतं. मग ती पितळी परातीत बाजरीचं पीठ मळायला घ्यायची, थप थप आवाज सुरू व्हायचा, आणि मी डबा घेऊन ऑफिसला निघेपर्यंत तिचं चालूच असायचं की तुला रेडिओत जाता आलं नसतं का, तिथं निदान सावलीत बसून काम असतं. संध्याकाळी आले की हुलग्याचे शेंगोळे. आठवड्यातून चार वेळा शेंगोळे. मावशीच्या हाताला चव होती, पण चार वेळा म्हणजे फार होतं, आणि तक्रार करायची सोय नव्हती, कारण मी तिच्या घरी अण्णांच्या एका शब्दावर राहत होते.

तो शब्द असा. अण्णा, म्हणजे माझे वडील, जामखेडकडच्या आमच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. पेपरात नोकरी करणारी मुलगी त्यांना स्वतःला खटकत नव्हती, पण लोक विचारतात याचा त्यांना फार त्रास व्हायचा. थोरले चुलते तर रोज पारावर विचारायचे, "काय गुरुजी, पोरगी पेपरात हाय म्हनता, मग नाव कसं येत न्हाई?" शेवटी अण्णांनी मला सांगितलं, "दिवाळीपर्यंत थांब. तोवर पेपरात तुझं नाव छापून आलं, तर मी कुणाचं ऐकणार नाही. नाही आलं, तर मुकाट्याने घरी यायचं आणि डी.एड.ला बसायचं." अण्णा दिलेला शब्द पाळणारे होते. आमचा पेपर दुपारच्या एसटीने गावात जायचा आणि शाळा सुटल्यावर अण्णा तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझं नाव शोधत वाचायचे. जिल्ह्यात इतक्या बारकाईने आमचा पेपर दुसरं कुणी वाचत नसेल.

आणि नाव येणार कसं? आमचे संपादक तात्या. मनाने वाईट नव्हते, हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही लिहिणार आहे. मला घेतलं तेव्हा म्हणाले होते, "बायकांचे विषय तुझे." बायकांचे विषय म्हणजे हळदीकुंकू, रांगोळी स्पर्धा, भजनी मंडळ, आणि का कोण जाणे, निधन वार्ता. मेलेले पुरुषसुद्धा माझ्याकडे आणि जिवंत पुरुष शिरसाठांकडे, अशी वाटणी होती. शिरसाठ आमचे मुख्य वार्ताहर. पायजमा-शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग, आणि जेवणाची अचूक वेळ. हळदीकुंकवाच्या बातमीखाली नाव द्यायची पद्धत नव्हती. मी एकदा विचारलं तर तात्या म्हणाले, "अगं, कशाला नाव? उद्या कुणी भांडायला घरी यायचं." रांगोळीवरून कोण भांडायला येणार होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता या प्रकरणाचं जे शीर्षक आहे, त्याबद्दल सांगायला हवं. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा एकदम लागायच्या, दसऱ्याच्या आगेमागे. दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था. प्रत्येक ठिकाणी पत्रकारांची पंगत वेगळी असायची आणि ती सभा चालू असतानाच उठायची, म्हणजे पत्रकार गर्दीत अडकू नयेत. जेवणाच्या पानाशेजारी प्रेसनोट ठेवलेली असायची. ती आदल्या दिवशीच टाईप झालेली. अध्यक्षांनी काय मार्गदर्शन केलं, सर्व विषय कसे एकमताने मंजूर झाले आणि शेवटी न चुकता, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' मठ्ठ्याचा शेवटचा घोट घ्यायचा, प्रेसनोट घडी करून बॅगेत टाकायची आणि जीपने परत. एकदा तर एका सभेत लोकांनी खुर्च्या मोडल्या, दोन जणांना टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी ती सभा सगळ्या पेपरांत खेळीमेळीत पार पडली. मी हे शिरसाठांना दाखवलं तर ते माझ्यावरच वैतागले. "तुला सहकार कळत नाही, मंदा," म्हणाले.

त्या वर्षी नेवाशाच्या वाटेवरच्या एका गावातली दूध संस्थेची सभा होती. संस्थेचं नाव देत नाही, ती आता उरलेलीही नाही. त्या दिवशी मला न्यायचं कारण एवढंच की तिथल्या महिला मंडळाचा सत्कार होता. आम्ही पोहोचलो, मी वही काढून पुढच्या रांगेत बसले आणि बसते न बसते तोच संस्थेचा सेक्रेटरी धावत आला. "ताई, तेवढं औक्षणाला उभं राहता का? पाव्हणे येतीलच." मी म्हटलं, "मी पेपरकडून आलेय." तो म्हणाला, "व्हय, म्हनूनच. शिकलेली बाई बरी दिसती." मी शिरसाठांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा की, दोन मिनिटांचं काम." बाकीचे पत्रकार हसले. मी गेले. का गेले? तोवर मी असल्या दहा-बारा ठिकाणी गेले होते आणि नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाहुणे काही आले नाहीत. सभा सुरू झाली. मी स्टेजच्या कडेला पेटलेली निरांजनं घेऊन उभी, वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरलेला, आणि समोरून आमची पुरुष मंडळी एकेक करून गोदामामागे जेवायला गेली. बुंदीचा वास स्टेजपर्यंत येत होता. मला भयंकर भूक लागली होती आणि त्याहून भयंकर राग आला होता.

विषय वाचन सुरू झालं. सेक्रेटरी वाचायचा आणि पुढच्या दोन रांगा 'मंजूर' म्हणायच्या. तिसऱ्या की चौथ्या विषयाला मागून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. अध्यक्ष म्हणाले, "बसा मावशी, चहा मागनं हाय." त्या बसल्या नाहीत. चालत पार स्टेजपाशी आल्या. "मी सिंधूबाई किसन लांडे. सभासद हाय मी, नवऱ्याच्या मागं माझं नाव लागलंय. चहाला न्हाई आले." त्यांच्या हातात दुधाच्या दोन पावत्या होत्या. "सोमवारी सकाळी मी एकाच म्हशीचं, एकाच धारेचं दोन किटल्या दूध घातलं. एक माझ्या नावानं. दुसरी अध्यक्षांच्या भावजयीच्या नावानं, पोरीला पाठवून. माझ्या दुधाला फॅट लागली पाच. तिच्या नावाच्या दुधाला सात, आन् भाव फॅटवरच ठरतो. आता मला सांगा, म्हशीला कसं कळलं कुनाचं नाव लिवायचं हाय?"

मग मागून कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि मग एकदम सगळे उभे राहिले. बायका आधी. एकीने ओरडून सांगितलं की तिच्याकडेही पावत्या आहेत. फॅट काढणारा पोऱ्या मागच्या दाराने पळाला. अध्यक्ष माईकवर 'शांत व्हा, शांत व्हा' म्हणत होते, कुणीतरी माईकची वायर ओढली, आणि शेवटी त्यांनी तोंडानेच ओरडून सांगितलं की सभा तहकूब. चौथ्या विषयापुढे एकही विषय झाला नव्हता. मी केव्हाच ताट खाली ठेवलं होतं आणि स्टेजच्या पायरीवर बसून मांडीवर वही धरून लिहीत होते. गर्दी पांगल्यावर सिंधूबाई माझ्याकडे आल्या. "तू पेपरची व्हय? मला वाटलं तू ह्यांच्यातलीच. लिवलं का समदं?" मी वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मग म्हणाल्या, "नाव टाक माझं. समदं नाव टाक, किसन लांडेसकट. न्हाईतर हे म्हनतील, कुनीतरी येडी बाई आली हुती." मी हो म्हटलं. तेवढ्यात शिरसाठ आले, हातात सुपारी आणि प्रेसनोट. "झाली का गं सभा?" म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये पाचही पेपरांचे पत्रकार होते. मी तोंड उघडलं नाही. ऑफिसात आले, डबा उघडून उभ्याउभ्या खाल्ला आणि लिहायला बसले. तात्यांनी माझा कागद वाचला, शिरसाठांची प्रेसनोट वाचली, चष्मा काढला आणि शिरसाठांना हाक मारली. "तुम्ही कुठे होता?" शिरसाठ म्हणाले, "तिथंच." तात्या म्हणाले, "तिथंच म्हणजे पंगतीत." मला वाटलं, झालं, आता आपली बातमी लागली. तात्यांचे डोळेही चमकलेच होते, कारण उद्या बाकी चार पेपरांत सर्व विषय मंजूर होणार आणि आपल्याकडे सभा तहकूब, हे त्यांना कळत होतं. पण पेन हातात घेऊन त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर सिंधूबाईंचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'एका महिला सभासदाने'.

मी म्हटलं, "तात्या, त्यांनी सांगितलंय नाव टाकायला."

"अगं, तिला काय कळतं? गावात राहायचंय तिला."

"त्यांना कळतं. दोन किटल्यांचं तुम्हाला सुचलं असतं का?"

शिरसाठ खोकले. तात्या म्हणाले, "बरं. आणि वर तुझं नाव पाहिजे असेल."

हो, पाहिजे होतं. दिवाळी अकरा दिवसांवर आली होती. इतका वेळ ते मी तोंडाने म्हटलं नव्हतं, आता म्हटलं. मी त्यांना अण्णांची अटही सांगितली, जी मी ऑफिसात कधी सांगितली नव्हती. बोलताना माझा आवाज फाटला याचा मला आजही राग येतो. तात्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाजारात भाजीवाला बोलतो तसं म्हणाले, "दोन्ही जमणार नाही. दोन बायकांची नावं एका बातमीत म्हणजे लोक म्हणतील, बायकांनीच ठरवून केलं. एक सांग."

त्यांनी असं विचारावं, आणि मी त्यावर विचार करत बसावं! आज मी त्यांच्या टेबलावरचा कागद उचलून घेतला असता. दोन्ही, नाहीतर दुसऱ्या पेपरात जाते, म्हटलं असतं. पण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि दुसऱ्या पेपरांचे पत्रकार माझ्या डोळ्यांसमोर बुंदी खाऊन गेले होते. मी सिंधूबाईंचं नाव सांगितलं. यात मोठेपणा काही नव्हता. त्यांना हो म्हटलं होतं, एवढंच. तात्यांनी खोडलेल्या नावाखाली तुटक रेघ मारून ते परत जिवंत केलं आणि वर लिहिलं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवासा रस्त्यावरच्या स्टॉलवर आमचा पेपर नऊच्या आत संपला. अध्यक्षांची जीप ऑफिसपुढे येऊन उभी राहिली. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि पावत्या बघायच्या आहेत का, म्हणून विचारलं. जीप गेली. पुढे संस्थेत चौकशी लागली, फॅट काढणारा बदलला. आणि आमच्या ऑफिसात जो येईल तो शिरसाठांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "शिरसाठ, काय बातमी काढलीत!" शिरसाठ 'नाही हो, नाही हो' म्हणायचे. पण त्यांचं ते 'नाही हो' असं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस विनयाने बोलतोय. दोनदा तर मी समोर बसलेली असताना. मी निधन वार्ता लिहीत होते.

मग रविवार आला. रविवारी आमची महिला पुरवणी निघायची, चार पानांची, तिच्यातला मजकूर जुन्या अंकांतून उचलून जुळवलेला असायचा. मावशीने पेपर उघडला आणि शिलाई मशीन थांबलं. "मंदे! नाव आलं गं!" मी न्हाणीतून ओल्या पायांनी धावत आले. पान तीन. 'खमंग चकली'. आणि खाली ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी आयुष्यात चकली केलेली नव्हती. ऑफिसात जाऊन विचारलं तर तात्या खूश होते. "नाव पाहिजे होतं ना दिवाळीच्या आत? टाकलं! आता वडिलांना सांग." त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. इतक्या चांगल्या मनाने कुणी आपला अपमान करत असेल, तर त्याच्याशी भांडायचं कसं, हे मला आजही नीट जमत नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी अण्णा नगरला आले. मावशीकडे न जाता थेट ऑफिसात. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. चेहरा इतका उजळलेला मी त्यांचा क्वचित बघितला होता. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून त्यांनी पिशवीतून पुरवणी काढली. "आलं की गं नाव. पारावर वाचून दाखवलं मी. तुझ्या चुलत्यांना म्हटलं, बघा, माझंही नाव आहे खाली. आता ते बोलत नाहीत." मग जरा खाकरून म्हणाले, "आईने केली तुझी चकली. तेलात विरघळली पार. आई म्हणाली, पोरीला सांग, मोहन एक वाटी न्हाई, एक पळी लागतं. पण ते असू दे. शब्द म्हणजे शब्द. तू राहा इथं."

मला गप्प बसता आलं असतं. काम झालं होतं. बाकावरून उठून आत जायचं, बस्स. पण आईचं पीठ, तेल, अख्खी दुपार वाया गेली होती, आणि दोष माझ्यावर आला होता, आणि मला एकदम सहन होईना. "अण्णा, ती चकली माझी नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी आत जाऊन मागच्या आठवड्याचा अंक आणला आणि पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. "ही माझी. ही बातमी मी लिहिलीय. सभेत फक्त मी होते. बाकीचे जेवत होते."

अण्णांनी चष्मा लावला आणि वाचलं. शिक्षकासारखं, ओळीखाली बोट ठेवून. दोन किटल्यांपाशी थांबून त्यांनी 'वा' म्हटलं. शेवटपर्यंत गेले, परत वर आले, बोट 'आमच्या प्रतिनिधीकडून' वर थांबलं. "इथं नाव नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि हे, सिंधूबाई किसन लांडे?"

"त्यांचं आहे. माझं नाही."

अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, चल घरी. किंवा आत जाऊन तात्यांना जाब विचारतील. मला दुसरं झालेलं हवं होतं, इतकं हवं होतं की मी दाराकडे बघत होते. त्यांनी बातमीचं पान नीट घडी केलं, पिशवीत खाली ठेवलं. त्यावर चकलीची पुरवणी ठेवली.

"बातमी चांगली आहे, मंदा. फार चांगली आहे," ते म्हणाले. "पण गावात मी चकलीच दाखवतो."

त्यांना एसटीत बसवून दिलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. ते मला वाचवत होते हे मला तेव्हाही कळत होतं. तरीसुद्धा राग आला, असा आला की स्टँडपासून ऑफिसपर्यंत मी जवळजवळ पळतच गेले, आणि तात्यांच्या खोलीत शिरून, बस म्हणायची वाट न बघता, त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले.